आधी पीक विचारा

जुने ट्रॅक्टर बघायचा नाद लय वाईट. झोप येत नाही म्हणून मोबाईल हातात घ्यायचा आणि दोन वाजेपर्यंत कुणाचा तरी गंजलेला ट्रॅक्टर झूम करून बघत बसायचं. बाकीचे मॉडेल विचारतात, साल विचारतात, मला आधी कळायला हवं असतं की हा गडी राबला कुठल्या रानात.

अंगावरच दिसतं हो ते. १९२४ ला अमेरिकेत फार्मॉल नावाचा ट्रॅक्टर आला तो मका-कापसासारख्या ओळीतल्या पिकात कोळपणी करायला, म्हणून पोट उंच आणि पुढची दोन चाकं एकमेकांना चिकटून, ओळींच्या मधनं जावीत अशी. दिसतो झकास, पण उतारावर लवकर कलंडतो, तशा रानात चालवायचा असेल तर मी तरी रुंद ॲक्सलचाच घेईन. गव्हाच्या सपाट मुलखात कोळपणीची भानगडच नाही, तिथं जॉन डिअरचा मॉडेल डी १९२३ ते १९५३, पुरी तीस वर्षं विकला गेला, काम काय तर ओढ बाबा. आणि फळबागेतल्याचं सोंगच वेगळं! मागच्या चाकांवर गोल गुळगुळीत पत्रा, फांदी अडकू नये म्हणून, धुराडंही खाली वळवलेलं. तो पत्रा मूळचा असला की मालक भाव सोडत नाही.

गायीगुरांच्या गोठ्यावरचा असेल तर मात्र खाली वाकून बघायचं. शेणामुतानं पत्रा आतनं खाल्लेला असतो, आणि लोडर लावून शेण उचललं असेल तर क्लच नि पुढचा ॲक्सल दोन्ही दमलेले. कोरड्या मुलखातल्याचा पत्रा टणटणीत, पण धूळ खाऊन इंजिनातल्या पिस्टनच्या रिंगा गेलेल्या आणि टायर उन्हानं तडकलेले. म्हणजे रंग बघून भुलायचं नाही.

शिवाय जे जिथं ढिगानं खपलं त्याचेच पार्ट तिथं मिळतात. फर्ग्युसनचा टीई२० १९४६ ते १९५६ मध्ये ५ लाखांवर बनला, ब्रिटनमध्ये त्याच्या पार्टची चिंता नाही, पण हौसेनं लांबच्या मुलखातला आणला तर एका गॅस्केटसाठी महिनाभर उभा.

परवा एकाला विचारलं, कुठल्या पिकात होता हा? तो म्हणाला, अहो आधी इंजिनाचं तर विचारा. म्हटलं, तेच विचारतोय.