तुम्ही विचारलंत म्हणून : गेममध्ये कसली आलीय गोष्ट?

तालमीनंतरच्या चहाला हा प्रश्न येतो, परवा तर लग्नाच्या पंगतीतही आला. "तू नाटकात प्रकाशयोजना करणारी, वाचणारी बाई. रात्र-रात्र त्या गेममध्ये काय करतेस? तिथे कसली आलीय गोष्ट?" विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुधा बंदुका आणि हेडफोन लावून ओरडणारी पोरं असतात. तीही आहेतच. पण तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते.

'पेपर्स, प्लीज' नावाचा एक गेम आहे. २०१३ सालचा, लुकस पोप यांचा. आर्स्टोट्झ्का नावाच्या काल्पनिक देशाच्या सरहद्दीवर तुम्ही कागदपत्रं तपासायला बसलेले असता. चित्रं ओबडधोबड, रंग मळकट. खिडकीशी एकेक माणूस येतो, पासपोर्ट सरकवतो. तुम्ही तारखा, फोटो, शिक्के ताडून पाहायचे आणि मंजूर किंवा नामंजूर करायचं. पैसे माणसामागे मिळतात. रात्री घरचा हिशोब असतो : भाडं, जेवण, थंडीसाठी उष्णता, कोणी आजारी पडलं तर औषध. सगळ्याला पुरेल इतकं बहुतेक वेळा नसतंच.

एकदा एक गृहस्थ येतो. कागद चोख. जाता जाता म्हणतो, मागे माझी बायको आहे, तिला सांभाळून घ्या. बायको येते, आणि तिच्याकडे प्रवेशाचा परवाना नसतो.

इथवर ही गोष्ट कोणालाही लिहिता येईल. पण गेममध्ये एक बारीक नियम आहे : दिवसातल्या पहिल्या दोन चुकांना नुसती ताकीद, तिसरीपासून दंड. त्या बाईला समोर उभी करून मी काय बघत होते, तर आजच्या माफीतल्या चुका शिल्लक आहेत का. तिची दया आली होती. फक्त ती परवडते का, हे आधी पाहिलं. पुण्यात कुठल्याही कचेरीत एका झेरॉक्सपायी परत पाठवलेली माणसं आपण, खिडकीच्या अलीकडची. पलीकडे बसवल्यावर मी तासाभरात तशीच वागायला लागले. कोणी भाषण ठोकलं नाही, कोणी खलनायक आला नाही. पगार आणि दंड एवढ्यावर भागलं.

नाटकात आम्ही प्रेक्षकाला अंधारात बसवतो. त्याला हलवतो, रडवतो, पण रंगमंचावर जे घडतं त्यात त्याचा हात नसतो. गेममध्ये असतो. माझ्यापुरतं उत्तर एवढंच आहे, आणि ते ग्राफिक्सशी किंवा डोळ्यांना लावून आभासी जग दाखवणाऱ्या त्या चष्म्यांशी जोडू नका. 'पेपर्स, प्लीज'मधली माणसं धड माणसांसारखी दिसतही नाहीत.

यावर ठरलेला पुढचा प्रश्न : म्हणजे आपल्याला हवा तसा शेवट करता येतो, म्हणून? छे. "तुमच्या निर्णयाने कथा बदलते" ही जाहिरातीतली ओळ आहे. सगळे फाटे कोणीतरी आधीच लिहून ठेवलेले असतात. २०१७ चा 'व्हॉट रिमेन्स ऑफ एडिथ फिंच' घ्या. एका घराण्यातली माणसं एकेक करून कशी गेली, याची ती गोष्ट. त्यात तुम्हाला कोणालाही वाचवता येत नाही. त्यातला लुईस मासळीच्या कारखान्यात कामाला आहे. गेम खेळायला हातात धरतात त्या कंट्रोलरवर अंगठ्याने हलवायच्या दोन दांड्या असतात, त्यांना स्टिक म्हणतात. उजव्या स्टिकने मासा ओढायचा, पात्याखाली धरून मुंडकं उडवायचं, पट्ट्यावर फेकायचा. पुन्हा मासा. लुईसचं मन मात्र भलतीकडेच भटकतं, आणि तो कल्पनेतला प्रवास डाव्या स्टिकने चालवायचा असतो. सुरुवातीला तो पडद्याच्या एका तुकड्यात असतो. मग वाढत वाढत कारखाना झाकून टाकतो. तोवर उजवा हात आपोआप मासे कापत असतो, तुमच्या नकळत. कंटाळा रंगमंचावर दाखवणं फार अवघड. नट कंटाळा दाखवतो आणि प्रेक्षक खरोखरच कंटाळतो. इथे तो माझ्या मनगटात उतरला होता. पुढे काय होतं ते सांगत नाही.

आणि हो, आपल्या पुण्यातही गेम बनतात. 'राजी : ॲन एन्शंट एपिक' हा २०२० चा गेम इथल्या नॉडिंग हेड्स गेम्सचा. राक्षसांनी पळवलेल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधत राजी निघते आणि तिच्या प्रवासावर दुर्गा आणि विष्णू बोलत राहतात. महाल, भित्तिचित्रं, छायाबाहुल्यांसारखे मधले प्रसंग, सगळं बघत राहावं असं. प्रकाशयोजनेवर तर मी खूश आहे. पण गोष्ट देवांच्या तोंडी आणि लढाई माझ्या हाती, अशी वाटणी झालीय. दोन्ही क्वचितच एकत्र येतात. शेवटही फार अचानक. शहरातला म्हणून जास्त गुण द्यायचे नाहीत, नाटकांना तरी आपण कुठे देतो?

गोष्ट एकीकडे आणि खेळ दुसरीकडे, हा दोष मोठमोठ्या परदेशी गेममध्येही ढीगभर आहे. नायक खेळात शे-दीडशे माणसं मारतो आणि मधल्या चित्रफितीत एका मृत्यूवर हळवा होतो. म्हणून 'गेम म्हणजे नवी कादंबरी' वगैरे ऐकलं की मी गप्प बसते. बहुतेक गेममधली गोष्ट सुमार असते. बहुतेक नाटकांतलीही असते.

खेळून बघायचं असेल तर 'एडिथ फिंच'पासून सुरू करा. एका बैठकीत संपतो, नेम धरायचा नाही, हरायचं नाही. फक्त एका स्टिकने चालणं आणि दुसरीने बघणं जमायला हवं. आमच्या ग्रुपचे दिग्दर्शक, पन्नाशीचे, पहिली पंधरा मिनिटं छताकडे बघत भिंतीवर आपटत होते, आणि चिडून म्हणाले, "नटाला हे सांगितलं असतं तर त्याने नाटक सोडलं असतं." संपवला मात्र त्यांनीच, कंट्रोलर कोणाला न देता. 'पेपर्स, प्लीज' त्यानंतर, आणि तोही महिनाअखेरीला नको.