ओवीला पैसा कोण देईल?

मराठी, इतिहास, तत्त्वज्ञान शिकवणाऱ्यांना संशोधनासाठी पैसे हवे असले, की पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘सध्या कुठली स्कीम चालू आहे?’ विद्यापीठ अनुदान आयोगाच्या लघु संशोधन प्रकल्पांनी लावलेली ही सवय. बाराव्या पंचवार्षिक योजनेनंतर ती वाट आटली, सवय मात्र राहिली. आता स्कीम शोधण्याआधी आपला प्रश्न नेमका कुणाच्या कामाचा आहे, ते पाहावं लागतं. एकच विषय, जात्यावरच्या ओव्या, धरून चालू.

‘मराठवाड्यातील ओव्यांमधील स्त्रीजीवन : एक अभ्यास’ या शीर्षकाला बहुधा कुणीच पैसे देणार नाही. (‘एक अभ्यास’ हे दोन शब्द तर कायमचे खोडा. अभ्यास नाही तर काय, सहल?) परीक्षकाचा आक्षेप तयार असतो: हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ या अभ्यासकांच्या संग्रहात लाखाहून अधिक ओव्या आहेत आणि ‘पारी’च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) संकेतस्थळावर त्यांतल्या कित्येक ऐकायलाही मिळतात, मग तुमच्या आणखी 500 ओव्यांनी काय होणार? याचं उत्तर प्रस्तावाच्या पहिल्याच पानावर हवं. उदाहरणार्थ, बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कुटुंबांत हंगामभर घराला कुलूप असताना ओवी आईकडून मुलीकडे जाते का? उचल, कोयता, मुकादम हे शब्द ओवीत आले का? असं विचारलं की श्रम, स्थलांतर आणि स्मृती यांचा प्रश्न उभा राहतो आणि भारतीय सामाजिक विज्ञान अनुसंधान परिषदेचं, म्हणजे आयसीएसएसआरचं दार उघडतं. वृत्त-अलंकारांचा अभ्यास तिथे कितीही चांगला मांडला तरी परत येतो. तो वाईट असतो म्हणून नव्हे. ते त्या परिषदेचं कामच नाही.

वृत्त, चाल, गळा, सादरीकरण यांतच रस असेल तर बंगळुरूचं इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स पाहा. तिथे व्यक्तीला थेट अर्ज करता येतो आणि प्रस्ताव मराठीतही चालतो. इंग्रजीच्या धास्तीने मागे राहणाऱ्या कितीतरी चांगल्या अभ्यासकांना हे ठाऊकच नसतं. एखाद्या वाड्यात ओव्या-अभंगांची जुनी हस्तलिखित बाडं कसर लागून पडली असतील, तर ब्रिटिश लायब्ररीचा एंडेंजर्ड आर्काइव्हज प्रोग्रॅम आहे. तो पैसे देतो डिजिटायझेशनला. तुमच्या विश्लेषणाला नाही. मूळ बाड देशाबाहेर जात नाही आणि प्रतिमा अभ्यासकांना खुल्या कराव्या लागतात, म्हणून मालकाची लेखी संमती अर्ज करण्याआधीच घ्या. साहित्य विसाव्या शतकातलं, कॅसेटवरचं वगैरे असेल तर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेचा याच धर्तीचा मॉडर्न एंडेंजर्ड आर्काइव्हज प्रोग्रॅम जवळचा. इंग्लंडमधल्या संग्रहांत काही आठवडे बसायचं असेल तर चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्ट. सामग्री गोळा झाली आहे, फक्त लिहायला निवांतपणा हवाय, अशांनी सिमल्याच्या उच्च अध्ययन संस्थेची असोशिएटशिप पाहावी: तीन वर्षं, दर वर्षी एक महिना. 2023च्या कायद्याने आलेल्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनकडे अनेकांचे डोळे लागलेत. पण कायद्यात मानव्यविद्या येतात त्या विज्ञान-तंत्रज्ञानाशी जिथे त्यांचा सांधा जुळतो तेवढ्यापुरत्या.

आता हिशेब. आयसीएसएसआरच्या धर्तीवर 5 लाखांचं अंदाजपत्रक केलं तर संशोधन साहाय्यकांवर जास्तीत जास्त 45 टक्के, क्षेत्रकार्यावर 35, साधनं-पुस्तकांवर 10, किरकोळ खर्चावर 5 आणि अहवाल-प्रकाशनावर 5. म्हणजे अनुक्रमे 2,25,000, 1,75,000, 50,000, 25,000 आणि 25,000 रुपये. महिना 20,000 धरले तरी साहाय्यक सव्वाअकरा महिनेच पुरतो. दोन वर्षांचा प्रकल्प लिहून दोन्ही वर्षं साहाय्यक दाखवला, की बेरीज जुळत नाही हे परीक्षकाला दुसऱ्या मिनिटाला कळतं. टक्केवारी आणि मानधनाचे दर त्या-त्या वर्षीच्या जाहिरातीतूनच उचला. सहकाऱ्याच्या जुन्या फाइलमधून नको.

सगळ्यात जास्त विसरलं जातं ते ध्वनिमुद्रण लिहून काढण्याचं काम. 4 गावं, गावात 10 बायका, प्रत्येकीशी दीड तास: 60 तासांचं ध्वनिमुद्रण. बोली, मध्येच हसणं, एकीची ओवी दुसरीने उचलणं हे सगळं उतरवायला तासाला 6 तास सहज लागतात. झाले 360 तास. दिवसाला 6 तास बसलं तरी 60 कामाचे दिवस, म्हणजे साहाय्यकाचे जवळजवळ अडीच महिने गेले. हे गणित प्रस्तावात चार ओळींत मांडा. पैसे का हवेत हे सांगायला त्याहून चांगला मार्ग नाही. सोबत एक ओवी मुळातून, रोमन लिप्यंतर आणि इंग्रजी अनुवादासह द्या. मराठी न येणाऱ्या परीक्षकाच्या हाती निदान काहीतरी लागतं.

वेळापत्रकात आणखी एक खड्डा असतो. ऊसतोडीचा हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत. प्रस्तावात ‘डिसेंबरमध्ये गावात मुलाखती’ असं लिहिलं, तर गावात म्हातारी माणसं आणि कुलपं तेवढी भेटतील. एक फेरी हंगामात कारखान्याजवळच्या तळावर आणि दुसरी उन्हाळ्यात गावी, अशी आखणी हवी.

परदेशी पैशाचं प्रकरण वेगळं. महाविद्यालय खासगी शिक्षणसंस्थेचं असेल तर त्या संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या नियमन कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी आणि दिल्लीच्या संसद मार्गावरच्या स्टेट बँकेतलं ठरलेलं खातं लागतं. ते नसेल तर ‘ओळखीच्या संस्थेच्या खात्यातून वळवू’ असं सुचवणारा कुणीतरी भेटतोच. 2020च्या दुरुस्तीनंतर असं पुढे देणं बंद आहे. अर्ज भरण्याआधी संस्थेच्या लेखापालाला विचारा. मंजुरीचं पत्र आल्यावर विचारून उपयोग नाही.

अर्जाची मुदत बहुधा काही आठवड्यांचीच असते आणि त्यातले कित्येक दिवस प्राचार्यांच्या किंवा कुलसचिवांच्या सहीला जातात. म्हणून एक पाकीट बारमाही तयार ठेवा: एआयएसएचई कोड (उच्च शिक्षण सर्वेक्षणातला महाविद्यालयाचा क्रमांक), विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्यतेची 2(एफ) आणि 12(बी)ची पत्रं, दर्पण आयडी (स्वयंसेवी संस्थांच्या सरकारी पोर्टलवरचा क्रमांक), पीएफएमएस (सरकारी निधीच्या ऑनलाइन प्रणालीतली) नोंदणी, रद्द केलेला धनादेश, दोन पानी परिचय. संस्थेचं अग्रेषण (फॉरवर्डिंग) पत्र जाहिरातीतल्या नमुन्यातच हवं, शब्द इकडचा तिकडे नको.

पैसे आले की खरी परीक्षा उपयोगिता प्रमाणपत्राची, म्हणजे सरकारी वित्तीय नियमांतल्या जीएफआर 12-ए या नमुन्याची. शेवटचा हप्ता अंतिम अहवाल आणि लेखापरीक्षित हिशेब स्वीकारल्यावरच सुटतो, तोवरचा खर्च कोण उचलणार हे महाविद्यालयाशी आधीच लेखी ठरवा. क्षेत्रकार्यातले उरलेले पैसे परवानगीशिवाय लॅपटॉपकडे वळवू नका. लॅपटॉप महाविद्यालयाच्या डेड स्टॉक रजिस्टरला चढवा. खात्यात साठलेलं व्याज तुमचं नसतं, ते परत जातं.

आणि ओव्या सांगणाऱ्या बाईंना मानधन दिलं की तिथल्या तिथे व्हाउचर करा: नाव, गाव, तारीख, रक्कम अक्षरी, सही किंवा अंगठा, अंगठा असेल तर साक्षीदाराची सही. रक्कम 5,000च्या वर गेली तर एक रुपयाचा रेव्हेन्यू स्टॅम्प. तिकिटांची पट्टी आणि शाईचा पॅड रेकॉर्डरच्याच पिशवीत ठेवा. व्हाउचरवरचा राहिलेला अंगठा घेण्यासाठी दीड वर्षाने पुन्हा बीडला जाता येत नाही.