तुम्ही विचारलंत म्हणून: ऊब वाढवली की सापाच्या सगळ्या माद्या निघतात का?

“सापाच्या अंड्यांना ऊब जास्त दिली तर सगळ्या माद्याच निघतात ना?” हा प्रश्न इतक्या वेळा येतो की एकदा नीट उत्तर लिहून ठेवावं म्हटलं. सापांपुरतं उत्तर आहे, नाही. असं घडतं ते बहुतेक कासवांत. मगरी आणि काही सरडे-पालींतही ऊबच लिंग ठरवते, पण प्रत्येकाची तऱ्हा निराळी. कासवांची ही गोष्ट सापांच्या नावावर कधी चढली, कोण जाणे.

सापाचं लिंग फलन होतं त्याच क्षणी गुणसूत्रांनी ठरतं. नाग, घोणस, धामण यांच्यात व्यवस्था पक्ष्यांसारखी असते. नर झेड-झेड आणि मादी झेड-डब्ल्यू. म्हणजे आपल्याकडे हा निकाल बापाच्या शुक्राणूवर लागतो, तर यांच्यात आईच्या बीजांडावर. घोणस अंडी न घालता पिल्लंच देते. ती दिवसभर उन्हात पडून राहिली तरी पोटातल्या पिल्लांचं लिंग बदलत नाही. अंडी फार तापली तर मणका वाकडा झालेली पिल्लं निघतात किंवा ती अंड्यातच मरतात. तेव्हा माद्या हव्यात म्हणून तापमान चढवू नका, हे अगदी कळकळीचं सांगणं.

अजगर आणि बोआ (अजगरासारखेच बिनविषारी साप) यांनी मात्र तज्ज्ञांनाही चकवलं. त्यांची लिंग-गुणसूत्रं सूक्ष्मदर्शकाखाली एकसारखीच दिसतात, म्हणून तेही झेड-डब्ल्यूच असणार असं सगळे धरून चालले होते. 2010 मध्ये एका बोआ मादीला नराशिवाय झालेल्या पिल्लांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सगळी पिल्लं माद्या होती. नराशिवाय झालेली पिल्लं आईच्या गुणसूत्रांची एकच बाजू दुप्पट करून घेतात, त्यामुळे या माद्या डब्ल्यू-डब्ल्यू असणार, असा अर्थ लावला गेला. 2017 मध्ये जनुकीय तपासणीतून उलगडलं की बोआ इम्परेटर ही बोआची जात आणि बर्मी अजगर यांच्यात आपल्यासारखी एक्स-वाय व्यवस्था आहे, तीही दोघांत स्वतंत्रपणे आलेली. मग कोडं सुटलं. आई एक्स-एक्स, म्हणून पिल्लंही एक्स-एक्स. कोमोडो ड्रॅगन या भल्यामोठ्या सरड्याची मादी झेड-डब्ल्यू असते आणि तिची नराशिवाय झालेली पिल्लं नर निघतात, तेही याच हिशेबाने.

आता ऊब. सरड्यातला हा प्रकार 1966 मध्ये मॅडेलिन शार्निए या संशोधिकेने पहिल्यांदा नोंदवला. गर्भात सुरुवातीला मूत्रपिंडाला चिकटलेली एक बारीकशी पट्टी असते. ती अंडाशयही होऊ शकते, वृषणही. कासवात ऊब जास्त असली की अरोमाटेज नावाचं विकर जोर धरतं, टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन करतं, पट्टीचा बाहेरचा थर जाड होतो आणि अंडाशय घडतं. रेड-इअर्ड स्लायडर कासवाची अंडी 26 अंशांवर उबवली तर नर निघतात. त्याच अंड्यांच्या कवचावर योग्य वेळी इस्ट्रोजेन लावलं तर तिथेच माद्या होतात.

समुद्री कासवांत नर-मादी निम्मे-निम्मे निघतात ते साधारण 29 अंशांच्या आसपास. त्याखाली नर वाढतात, त्यावर माद्या. मगरीत मात्र सरळ चढण नाही. स्थिर 28 ते 31 अंशांवर माद्याच, 32.5 ला नर, अधल्यामधल्या तापमानाला दोन्ही. टुआटारा या न्यूझीलंडमधल्या सरड्यासारख्या प्राण्यात तर कासवाच्या उलट, ऊब वाढली की नर.

कासवांची घरटी सांभाळणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. लिंग ठरतं उबवणीच्या मधल्या तिसऱ्या भागात. घरटं 54 दिवसांत फुटणार असेल तर साधारण 18 ते 36 या दिवसांत. चाळिसाव्या दिवशी घातलेली सावली पिल्लं वाचवेल, नर देणार नाही. शेवटच्या टप्प्यात पिल्लांच्या स्वतःच्या उष्णतेने घरटं चांगलंच तापतं, पण तोवर लिंग ठरून गेलेलं असतं. तापमापक वाळूच्या पृष्ठभागावर ठेवून उपयोग नाही. तो अंड्यांच्या खोलीवर, अंड्यांच्या मध्येच हवा. आणि नुसत्या सरासरीवर विसंबू नका. उथळ घरट्यात दिवसा-रात्रीचा फरक मोठा असतो आणि उष्ण तासांत गर्भ झपाट्याने वाढतो. त्यामुळे 28 सरासरी असलेलं घरटं गर्भाच्या दृष्टीने त्याहून गरम ठरतं. सगळी घरटी सावलीत हलवणंही मला पटत नाही, कारण मग माद्याच उरायच्या नाहीत. काही उन्हात, काही जाळीखाली, हे बरं. पाणी शिंपडताना हात आखडता ठेवा. चिंब वाळूत अंडी गुदमरतात.

ही चिंता उगाच नाही. ग्रेट बॅरियर रीफच्या उत्तर भागात जन्मलेल्या हिरव्या कासवांच्या तरुण पिढीत 99 टक्क्यांहून जास्त माद्या आढळल्या, असं 2018 मध्ये प्रसिद्ध झालं. ऑस्ट्रेलियातल्या बिअर्डेड ड्रॅगन सरड्यात गुणसूत्रं आणि ऊब दोन्हींचं चालतं. साधारण 32 अंशांपुढे झेड-झेड गर्भही मादी होतो, ती मादी अंडीही देते आणि तिच्या पिल्लांत डब्ल्यू उरतच नाही. पुढे त्यांचं लिंग निव्वळ ऊब ठरवते.

आणि नुकतंच बाहेर आलेलं कासवाचं पिल्लू हातात घेऊन “नर की मादी?” असं कुणी विचारलं, तर बघून सांगता येत नाही. नराची लांब, जाड शेपटी वयात आल्यावरच दिसते. तोवर मेलेल्या पिल्लांच्या जननग्रंथींचे पातळ छेद तपासायचे, नाहीतर मधल्या त्या अठरा दिवसांच्या तापमानाच्या नोंदींवरून अंदाज बांधायचा.