पोस्टर छापायला टाकण्याआधी

सोमवार

परिषदेला पाठवलेला गोषवारा मान्य झाला की हात सरळ पॉवरपॉइंटकडे जातो. तो आवरावा. आधी कामाचं म्हणणं एका वाक्यात, तेही मराठीत नाहीतर कोकणीत, मोठ्याने बोलून पाहावं. इंग्रजीत 'काही पैलूंचा अभ्यास' म्हणून वेळ मारून नेता येते. घरच्या भाषेत समोरचा लगेच विचारतो, "बरं, मग कळलं काय?"

समजा विषय गोव्यातल्या मांडवी नदीच्या खारटपणाचा आहे. 'मांडवीमुखातील क्षारतेच्या हंगामी बदलांचा अभ्यास' या शीर्षकातून नुसता विषय कळतो. 'उन्हाळ्यात खारं पाणी मांडवीत कित्येक किलोमीटर आत चढतं, पावसाळ्यात नदी मुखापर्यंत जवळजवळ गोडी होते' यातून निदान निष्कर्ष तरी हाती लागतो. पण हे नदीवर होडी घालणाऱ्याला कधीचंच ठाऊक आहे. आपण मोजमाप करून त्यात काय भर घातली? खारं पाणी कोणत्या आठवड्यात मागे हटलं, कुठल्या वळणापर्यंत? ते वाक्यात उतरेपर्यंत पोस्टरची फाइल उघडू नये असं माझं ठाम मत आहे. मानसशास्त्राचे संशोधक माइक मॉरिसन यांनी २०१९मध्ये सुचवलेल्या पोस्टरच्या मांडणीत मधल्या मोठ्या जागेत हे एकच वाक्य ठळक बसवतात आणि तपशील कडेच्या पट्ट्यांत जातात. ती मांडणी घ्या किंवा जुनी तीन रकान्यांची घ्या, वाक्य तयार नसेल तर दोन्ही पोकळ दिसतात.

मंगळवार

पोस्टरच्या कागदाचं नेहमीचं माप ए-झीरो, म्हणजे ८४१ बाय ११८९ मिलिमीटर. उभं की आडवं हे आयोजकांच्या फळ्याचं माप पाहून ठरवायचं. फळा मीटरभर रुंद असेल तर आडवं पोस्टर शेजाऱ्याच्या हद्दीत घुसतं.

फाइलचं पान पहिल्या मिनिटालाच खऱ्या मापाचं करावं. नेहमीच्या स्लाइडवर पोस्टर रचून नंतर मोठं करायला गेलं की दोन ठिकाणी फसतं. स्लाइडचं प्रमाण १६:९, कागदाचं जवळपास १.४१:१, त्यामुळे कडा तरी कापल्या जातात किंवा पांढऱ्या पट्ट्या राहतात. शिवाय पॉवरपॉइंट फाइल साठवताना चित्रं आवळतो, अनेक आवृत्त्यांत इंचाला २२० ठिपक्यांपर्यंत. ३३.९ सेंटिमीटरची स्लाइड ११८.९ झाली की साडेतीनपट ताणली जाते आणि हातात इंचाला जेमतेम ६३ ठिपके उरतात. छापील मापावर निदान १५० हवेत. मोबाइलचा ४००० ठिपके रुंदीचा फोटो त्या हिशेबाने ६८ सेंटिमीटरपर्यंत चालतो. व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून आलेला मात्र आवळलेलाच असतो, त्याच्यावर विसंबू नये.

अक्षरांसाठी शीर्षक ९० पॉइंट, उपशीर्षकं ४०, मजकूर २८. २४च्या खाली उतरायचं नाही. एकूण शब्द ४००च्या आसपास. बसत नाहीत म्हणून अक्षर बारीक करणारे बरेच असतात; पद्धतीचा परिच्छेद निम्मा करणारे थोडे.

तपासायची रीत सोपी आहे. पूर्ण पोस्टर ए-फोरवर छापायचं. लांबी-रुंदी बरोबर चौथाई होते, म्हणून ४० सेंटिमीटरवर धरलेला ए-फोर आणि १६० सेंटिमीटरवरून पाहिलेला ए-झीरो डोळ्याला सारखेच. २८ पॉइंट इथे ७ होतात. जे वाचताना कागद नाकाशी न्यावा लागतो, ते सभागृहातही कोणी वाचणार नाही.

बुधवार

आज फक्त आलेख, कारण पोस्टरचा जीव तिथेच असतो.

इंद्रधनुषी 'जेट' रंगपट्टी अजून सर्रास दिसते. तिच्यातले पिवळा आणि आकाशी पट्टे डोळ्याला उगाच उजळ वाटतात. खारटपणा ० ते ३५ असा सावकाश वाढत असला तरी नकाशावर मध्येच एक रेघ उमटल्यासारखी दिसते आणि बघणारा तिलाच खाऱ्या-गोड्या पाण्याची सीमा समजतो. आलेख काढायच्या मॅटप्लॉटलिब या सॉफ्टवेअरने २०१७च्या दुसऱ्या आवृत्तीपासून जेट सोडून 'व्हिरिडिस' धरली, ती याच कारणाने. लाल-हिरवा फरक न दिसणाऱ्यांनाही ती वाचता येते. दोन रेषा असतील तर एक सलग, एक तुटक, आणि नावं रेषेशेजारीच लिहायची, कोपऱ्यातल्या चौकटीत नको.

एककांकडे गोव्यात जास्त लक्ष द्यावं लागतं. इथल्या परिषदेला दोनापावल्याचे समुद्रवैज्ञानिक येतात तसे एल्याचे शेतीसंशोधकही येतात. समुद्रवाला क्षारता पीएसयूत, म्हणजे समुद्रशास्त्रातल्या क्षारतेच्या एककात मोजतो. खाजनातल्या, म्हणजे खाडीकाठी बांध घातलेल्या शेतजमिनीतल्या मातीची क्षारता मोजणारा विद्युतवाहकतेत, डेसीसीमेन्स प्रति मीटरमध्ये बोलतो. दोघांसमोर एकच आकडा टाकला तर एक जण पाहून पुढे जातो. अक्षाखाली एक ओळ घातली की भागतं: ० म्हणजे नदीचं गोडं पाणी, ३५ म्हणजे भर समुद्र.

गुरुवार

छपाई. फ्लेक्सच्या दुकानात मिलिमीटर चालत नाही, तिथे विचारतात, "किती बाय किती फूट?" तीन बाय चार सांगायचं. ते ९१४ बाय १२१९ मिलिमीटर होतं, त्यात ए-झीरो बसून कडा कापता येते. फ्लेक्स स्वस्त आणि पावसाला भीत नाही. पण बारीक रेषा त्यावर फाटतात आणि घडी पडली की पांढरी चीर कायमची. फोटोपेपरवर आलेख छान उठतो, फक्त आपल्या दमट हवेत शाई वाळायला वेळ घेते. जुलैत छापलेलं पोस्टर लगेच गुंडाळू नये, पंख्याखाली पसरून ठेवावं. चकचकीत लॅमिनेशन नको. वरच्या दिव्याचा डाग नेमका आलेखावर पडतो. विमानाने जायचं असेल तर कापडावर छापून बॅगेत घडी करावी, कारण ए-झीरोचं नळकांडं ८४ सेंटिमीटरच्या आत बसत नाही आणि केबिनमध्ये अडवतात. कागद गुंडाळताना छापील बाजू बाहेर ठेवायची, म्हणजे लावल्यावर कडा फळ्याकडे वळतात, वाचणाऱ्याकडे नाही.

दुकानात पीडीएफच द्यायची, फॉन्ट आत बसवलेले. शेतकऱ्यांसाठी मराठी चौकट असेल तर हे टाळून चालतच नाही. नाहीतर 'क्षारता'चं जोडाक्षर सुटतं आणि 'किनारा'तली वेलांटी 'क'च्या उजवीकडे जाऊन उभी राहते. दुकानदाराला ते दिसत नाही. छापण्याआधी त्याच्या पडद्यावर शंभर टक्के मोठं करून आपणच वाचायचं.

शुक्रवार

पोस्टरबरोबर भाषणही असेल तर त्याची १५ मिनिटं म्हणजे बोलायला १२, प्रश्नांना ३. मिनिटाला १२० शब्द धरले तर १४४० होतात. १३००च लिहावेत, कारण अडखळणंही वेळ खातं. स्लाइड दहा-अकरा. आलेख आला की आधी अक्ष सांगायचे, मग रेषा, मग अर्थ. निष्कर्ष आधी सांगितला की लोक अक्ष शोधत बसतात आणि आपलं पुढचं वाक्य हरवतं. पिवळी रेषा प्रोजेक्टरवर नाहीशी होते, म्हणून मुळात वापरूच नये. प्रत्येक स्लाइडला क्रमांक, म्हणजे विचारणारा "सातवी दाखवा" म्हणू शकतो. शेवटच्या स्लाइडवर निष्कर्ष आणि मुख्य आलेख ठेवावा. आभार तोंडी मानता येतात, आणि प्रश्नांची तीनही मिनिटं तीच स्लाइड समोर असते.

सराव उभं राहून, आवाज काढून. मनातल्या मनात वाचलेलं नेहमीच लवकर संपतं.

पोस्टरजवळ आपण बाजूला उभं राहायचं, मजकुरासमोर नाही. ३० सेकंदांचं सांगणं एक आणि तीन मिनिटांचं एक, अशी दोन तयार ठेवायची. हातात तीच ए-फोर प्रत आणि पेन्सिल. माणूस जिथे थबकतो किंवा पुन्हा विचारतो तिथे खूण करायची. एकाच अक्षापाशी तीन-चार खुणा जमल्या, तर शोधनिबंध पाठवण्याआधी तो आलेख नव्याने काढायचा.