सात वर्षांनंतर आणि पंधरा वर्षांपूर्वी: जुन्या सेडानचे स्टिअरिंग

आपल्याकडे खासगी मोटारीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांसाठी होते. ती मुदत संपून पुनर्नोंदणीची वेळ येते तेव्हा परिवहन कार्यालयाचा निरीक्षक गाडीच्या यांत्रिक स्थितीकडे प्रथमच अधिकृतपणे पाहतो. मधल्या काळात नियमाने होते ती केवळ पीयूसी, आणि तिचा संबंध धुराशी असतो, सुकाणूशी नसतो. दुसऱ्या बाजूला, मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने कलम ११०अ आले आणि सदोष वाहने परत बोलावण्याचा, म्हणजे रिकॉलचा, आदेश उत्पादकाला देण्याचा अधिकार सरकारला मिळाला. त्याखालील नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. मात्र ते सात वर्षांपेक्षा कमी वयाच्या वाहनांपुरतेच आहेत. म्हणजे सात वर्षे उलटलेली आणि पंधरा पूर्ण न झालेली गाडी ना सक्तीच्या रिकॉलच्या कक्षेत येते, ना तपासणीच्या. आमच्या घरातली सेडान सध्या याच वयात आहे, आणि तिच्या स्टिअरिंग कॉलमने गेल्या पावसाळ्यानंतर मला या विषयात खोलवर शिरायला लावले.

स्टिअरिंग कॉलम म्हणजे स्टिअरिंगच्या चाकाच्या मागून डॅशबोर्डखाली उतरणारा दांडा, एवढीच कल्पना बहुतेकांच्या मनात असते. प्रत्यक्षात तो एकसंध दांडा नसतो. वरचा भाग बेअरिंगमध्ये फिरतो. त्याच्या खाली एक युनिव्हर्सल जॉइंट (कोनातही फिरणे पुढे पोहोचवणारा सांधा), मग मधला शाफ्ट, पुन्हा एक जॉइंट आणि शेवटी पिनियन, म्हणजे पुढची चाके वळवणाऱ्या दातेरी पट्टीला (रॅकला) सरकवणारे दातेरी चक्र, अशी ही साखळी असते. गॅरेजमध्ये या जॉइंटला सरळ ‘क्रॉस’ म्हणतात. वरच्या भागात इग्निशनचे कुलूप, स्टिअरिंग लॉक आणि हॉर्न व एअरबॅगला वीज पोहोचवणारी गुंडाळलेली पट्टी असते. विजेवर चालणारे पॉवर स्टिअरिंग असलेल्या अनेक लहान आणि मध्यम गाड्यांत मोटर आणि सेन्सरही कॉलमलाच जोडलेले असतात. शिवाय समोरून धडक बसल्यावर हा कॉलम स्वतः दबून आत जावा, चालकाच्या छातीत घुसू नये, अशी त्याची रचना असते. अमेरिकेत १ जानेवारी १९६८ पासून हे सक्तीचे झाले: ताशी सुमारे ४८ किलोमीटर वेगाच्या समोरच्या धडकेत कॉलम १२७ मिलिमीटरपेक्षा अधिक मागे सरकता कामा नये, असा तिथला नियम आहे. इतकी कामे एकाच अवयवावर सोपवलेली असताना नियमित सर्व्हिसिंगमध्ये त्याला हात लावला जातो तो बहुतेक वेळा मालकाने तक्रार केली तरच.

आम्ही रत्नागिरीजवळ, खाडीपासून फार दूर नसलेल्या वस्तीत राहतो. खारी हवा, चार महिने पाऊस आणि लाल चिखल यांचा परिणाम गाडीच्या पत्र्यावर लगेच दिसतो म्हणून आपण पत्र्याची काळजी घेतो. कॉलमचा खालचा जॉइंट मात्र इंजिनाच्या बाजूला, चाकांनी उडवलेल्या पाण्याच्या माऱ्यात असतो आणि तो कोणाच्या नजरेस पडत नाही. आमच्या गाडीत आधी खड्ड्यांतून जाताना स्टिअरिंगच्या चाकाखाली हलका ‘कट कट’ आवाज जाणवू लागला. पुढे वळण घेऊन झाल्यावर चाक पूर्वीसारखे आपोआप सरळ होईना. एका विशिष्ट जागी ते किंचित अडके आणि मग सुटे. अलाइनमेंट झाली, टाय रॉड एंड बदलले गेले, सस्पेन्शनचे बुश पाहिले गेले, तरी आवाज तसाच राहिला. शेवटी एका वयस्कर मेकॅनिकने पेडलांच्या मागे टॉर्च धरून मला चाक डावी-उजवीकडे हलवायला सांगितले आणि म्हणाला, “साहेब, क्रॉस गेलाय. वरचा दांडा आधी फिरतोय, खालचा मागाहून.” जॉइंट बाहेर काढला तेव्हा त्याच्या चारपैकी दोन टोकांच्या सुई-बेअरिंगमध्ये ग्रीसऐवजी गंजाचा भुगा होता.

या प्रकारचा दोष एखाद्या किनारपट्टीच्या नशिबाचा भाग नाही, हे अमेरिकेतील फोर्ड क्राउन व्हिक्टोरियाच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. पोलीस आणि टॅक्सीवाल्यांची ही भरवशाची मोठी सेडान. २०१३ साली फोर्डने २००५ ते २०११ या वर्षांतील क्राउन व्हिक्टोरिया आणि तिच्याच साच्यातील मर्क्युरी ग्रँड मार्क्विस व लिंकन टाउन कार अशा सुमारे ३ लाख ७० हजार गाड्या परत बोलावल्या. कारण होते कॉलमचा खालचा मधला शाफ्ट. हिवाळ्यात रस्त्यांवर बर्फ वितळवण्यासाठी मीठ टाकतात, त्या मिठाच्या पाण्याने हा शाफ्ट गंजून जाम होई. जाम झालेल्या शाफ्टचा ताण वरच्या कॉलमच्या खालच्या बेअरिंगवर येई आणि ते बेअरिंग निसटून सुकाणूच हातचे जाण्याचा धोका होता. म्हणूनच हे रिकॉल सरसकट नव्हते. अमेरिकेतील ज्या राज्यांत रस्त्यावर मीठ पडते तिथल्या आणि कॅनडातील गाड्यांसाठी होते. मला यातली सर्वांत महत्त्वाची बाब वाटते ती गाड्यांच्या वयाची. या मालिकेतील सर्वांत जुन्या गाड्या त्या वेळी आठ वर्षांच्या झाल्या होत्या. आपल्या नियमाच्या मोजपट्टीने त्या रिकॉलच्या सक्तीतून केव्हाच बाहेर पडल्या असत्या, आणि नेमक्या त्याच गाड्यांनी ते मीठ सर्वाधिक काळ सोसले होते.

कॉलममधील दोष मुळात दोन जातींचे असतात. पहिल्या जातीचा दोष कारखान्यात जन्मतो आणि बहुधा लवकर उघडा पडतो. मारुती सुझुकीने २०१३ मध्ये स्टिअरिंग कॉलमच्या तपासणीसाठी एर्टिगा, स्विफ्ट, डिझायर आणि ए-स्टार मिळून १,४९२ गाड्या परत बोलावल्या, त्या सगळ्या त्याच वर्षी अवघ्या काही दिवसांत तयार झालेल्या होत्या. मार्च २०१८ मध्ये फोर्डने उत्तर अमेरिकेतील फ्यूजन आणि लिंकन एमकेझेड या सेडान, सुमारे १४ लाख, बोलावून घेतल्या. त्यांत स्टिअरिंगचे चाक कॉलमला धरून ठेवणारा बोल्ट सैल होऊन चाक हातात येण्याची शक्यता होती, आणि उपाय म्हणून अधिक लांबीचा, घट्ट बसणारा बोल्ट लावण्यात आला. अशा दोषांसाठी सात वर्षांची मर्यादा कदाचित पुरेशी ठरेल. दुसऱ्या जातीचा दोष मात्र गंजातून, झिजेतून, विजेच्या जोडण्या सैल होण्यातून हळूहळू वाढतो. तो सहसा सातव्या वर्षाच्या अलीकडे दिसत नाही, आणि दिसतो तेव्हा तो एकट्या मालकाचा खर्च ठरतो. कायद्याने ही दुसरी जात गृहीतच धरलेली नाही, अशी माझी तक्रार आहे.

शेवरोले कोबाल्ट या लहान सेडानचा इतिहास पाहिला की मालकांची चिंता आणि कंपनीची भाषा यांतील अंतरही कळते. या गाडीचे पॉवर स्टिअरिंग कॉलमवरच्या विजेच्या मोटरने चालत असे. चालत्या गाडीत एकाएकी सूचना उमटे, घंटी वाजे आणि चाक जड होई. तक्रारींची संख्या हजाराच्या पुढे गेल्यावर अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने चौकशी सुरू केली आणि मार्च २०१० मध्ये जनरल मोटर्सने कोबाल्ट व तिच्या पाँटिअॅक भावंडांसह १३ लाख गाड्यांचे रिकॉल जाहीर केले. त्या वेळी १४ अपघात आणि एक जखमी यांचा या दोषाशी संबंध जोडला गेला होता. कंपनीचे म्हणणे असे होते की मोटरची मदत बंद पडली तरी गाडी सुरक्षितपणे वळवता येते, फक्त ताशी १५ मैलांखाली अधिक जोर लागतो.

तांत्रिकदृष्ट्या हे खरे आहे. मोटर बंद पडल्याने दांड्यांची साखळी तुटत नाही. परंतु ताशी १५ मैल म्हणजे सुमारे २४ किलोमीटर, आणि कुंभार्ली किंवा आंबा घाटातील घट्ट वळण आपण त्याच वेगाने घेतो. समोरून ट्रक येत आहे, डावीकडे दरी आहे, चाक अर्धे फिरलेले आहे आणि त्याच क्षणी ते अनेक पटींनी जड होते, अशा वेळी चालक सत्तरीचा असेल तर ‘अधिक जोर लागतो’ हे वाक्य फार अपुरे आहे. माझे वडील अजूनही गाडी चालवतात, त्यामुळे मी हा प्रश्न प्रयोगशाळेतल्या ताकदीच्या आकड्यांवर सोडायला तयार नाही. धोका केवळ जडपणात नसतो, तो अनपेक्षितपणात असतो. जुनी अॅम्बॅसेडर चालवणाऱ्याला चाक जडच आहे हे ठाऊक असे आणि तो त्या हिशेबाने वळण घेई.

२०१४ च्या मार्चअखेर जनरल मोटर्सने मोटरची मदत बंद पडण्याच्या याच कारणासाठी अमेरिकेत आणखी सुमारे १३ लाख गाड्या बोलावल्या. त्यांत २००४ सालची मॅलिबू सेडान आणि सॅटर्न आयॉन होत्या. म्हणजे दहा वर्षांच्या गाड्यांचाही समावेश झाला. त्याच वर्षी गाजलेले जनरल मोटर्सचे इग्निशन स्विचचे प्रकरणही कोबाल्टमध्ये कॉलमवरच घडले होते. किल्लीचा स्विच इतका सैल होता की जड जुडग्याने किंवा धक्क्याने तो चालू गाडीत मागे फिरे. मग इंजिन बंद, स्टिअरिंगची मदत बंद आणि धडकेच्या वेळी एअरबॅगही निष्क्रिय. भरपाई निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. आपल्या घाटांत उतारावर पेट्रोल वाचवण्यासाठी जे लोक हौसेने इंजिन बंद करतात, ते हीच स्थिती स्वतःच्या हाताने निर्माण करतात, आणि किल्ली चुकून एक घर आणखी मागे गेली तर स्टिअरिंग लॉकही बसू शकते. हे कृपया कोणीही करू नये.

आपल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत, १९८९ च्या, नियम ९८ स्टिअरिंगविषयी आहे. त्यानुसार स्टिअरिंगच्या चाकावरचा मोकळा ‘प्ले’, म्हणजे पुढची चाके हलण्याआधीची रिकामी हालचाल, ३० अंशांपेक्षा अधिक नसावी, बॉल जॉइंटवर रबरी टोप्या असाव्यात आणि बोल्ट-पिना पक्क्या अडकवलेल्या असाव्यात. शेवटच्या दोन अटी उत्तम आहेत. पण ३० अंश म्हणजे घड्याळातील एका तासाएवढा कोन. ३८ सेंटीमीटर व्यासाच्या चाकाच्या कडेवर तो जवळजवळ १० सेंटीमीटर भरतो. रॅक असलेल्या आजच्या सेडानमध्ये चाक इतके फिरेपर्यंत पुढची चाके हललीच नाहीत तर ती गाडी रस्त्यावर आणण्याच्या लायकीची नाही, असे माझे स्पष्ट मत आहे; मी तर दोन-तीन सेंटीमीटरलाच गॅरेज गाठीन.

तपासायला खास यंत्र लागत नाही. गाडी सपाट जागी, इंजिन चालू ठेवून, एकाने चाक अगदी थोडे डावी-उजवीकडे हलवायचे आणि दुसऱ्याने पेडलांच्या मागच्या जॉइंटवर बोटे ठेवायची; झीज असेल तर बोटांना टिचकी कळते. खालच्या जॉइंटसाठी गाडी लिफ्टवर घ्यावी लागते. स्टिअरिंगचे चाक वर-खाली आणि पुढे-मागे ओढून पाहिले की वरचे बेअरिंग आणि कॉलमचे माउंटिंग कळते. वळताना हॉर्न मधूनच बंद होत असेल किंवा एअरबॅगचा दिवा लागत असेल तर आतली गुंडाळलेली पट्टी तुटत आली आहे असे समजावे; तो हॉर्नचा किरकोळ बिघाड मानून सोडून देऊ नये.

दुरुस्तीच्या वेळी मात्र मालकाने उभे राहावे. गंजलेला जॉइंट सुटत नाही म्हणून वरून हातोडा मारला तर कॉलम दबण्यासाठी ठेवलेल्या प्लास्टिकच्या पिना तुटू शकतात, आणि मग नवा क्रॉस बसवूनही प्ले राहतो, शिवाय अपघातात कॉलम जसा वागायला हवा तसा वागेल याची खात्री जाते. शाफ्ट सुटा असताना चाक मोकळे फिरू दिले तर एअरबॅगची पट्टी ताणून तुटते. म्हणून चाक आधी सरळ करून बांधून ठेवावे. झिजलेल्या क्रॉसला वेल्डिंग मारून ‘काम भागवण्याचा’ सल्ला मलाही मिळाला होता. तो कधीही मानू नये: उष्णतेने बेअरिंगच्या वाट्या आणि पोलाद दोन्ही बिघडतात, आणि जो सांधा वाकला पाहिजे तोच ताठ होतो. शाफ्ट पूर्ण बदलावा आणि पकड बोल्ट नवा घालून कंपनीने सांगितलेल्या ताकदीनेच आवळावा.

ब्रिटनमध्ये गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी एमओटी तपासणी होते आणि तीत स्टिअरिंग हा स्वतंत्र विभाग आहे. जर्मनीत पहिल्या तीन वर्षांनंतर दर दोन वर्षांनी तपासणी असते. आपल्याकडे लगेच एवढे होणार नाही हे मी समजू शकतो. परंतु सातव्या वर्षानंतर विम्याच्या नूतनीकरणाबरोबर दर दोन वर्षांनी स्टिअरिंग, ब्रेक आणि सस्पेन्शन यांची लिफ्टवरची तपासणी सक्तीची करणे अशक्य नाही, आणि रिकॉलच्या नियमातील सात वर्षांची अट निदान स्टिअरिंग, ब्रेक आणि एअरबॅगपुरती तरी काढून टाकली पाहिजे. एअरबॅगच्या इन्फ्लेटरसाठी, म्हणजे ती फुगवणाऱ्या भागासाठी, काही कंपन्यांनी भारतातही दहा वर्षांहून जुन्या गाड्या स्वेच्छेने बोलावल्या होत्या, तेव्हा व्यवस्था करता येते हे सिद्धच आहे.

तोपर्यंत जुनी सेडान विकत घेणाऱ्यांनी एवढे अवश्य करावे: चेसिस क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून प्रलंबित रिकॉल आहे का ते पाहावे, मागील मालकाकडे स्टिअरिंगच्या कामाची बिले मागावीत, आणि व्यवहार ठरण्याआधी गाडी लिफ्टवर चढवून खालचा जॉइंट स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा. विकणारा लिफ्टला नकार देत असेल तर ती गाडी घेऊ नये.