एका गळ्याची मैफल

आज दुपारी अमेरिकन गायक बॉबी मॅकफेरिन यांचा 'द व्हॉइस' हा १९८४ सालचा अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला आणि अजूनही त्यातून बाहेर येता आलेले नाही. जर्मनीतील मैफलींमध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या या अल्बममध्ये एकही वाद्य नाही, साथीला कोणी नाही आणि आवाजावर आवाज चढवण्याची स्टुडिओतील सोयही घेतलेली नाही. बीटल्सचे 'ब्लॅकबर्ड' गाताना ते खर्जातला एक स्वर लावतात आणि पुढच्याच क्षणी वरच्या सप्तकात झेप घेऊन चाल पुढे नेतात. हे इतक्या झपाट्याने घडते की दोन्ही स्वर एकाच वेळी सुरू असल्याचा भास होतो. श्वास सोडतानाच नव्हे, तर आत घेतानाही ते गातात आणि छातीवर हाताने थाप देऊन लय धरतात. 'डोन्ट वरी, बी हॅपी' या गाण्यामुळे १९८८ मध्ये ते घरोघरी पोहोचले हे खरे, पण माझ्या मते त्यांची खरी भरारी हीच. तंबोऱ्याच्या आधाराने गाणे ऐकत वाढलेल्या मला तर, षड्ज धरून ठेवणारे कोणीही नसताना त्यांचा सूर ढळत नाही, याचेच सर्वाधिक अप्रूप वाटले.