सलग पाहिजे, मधे कट नको

मे महिना म्हणजे आम्हा व्हिडिओवाल्यांची सुगी. त्या दिवसांत दुकानात येणारा माणूस एक तर नवऱ्या मुलाचा बाप असतो, नाहीतर नवरीचा मामा. प्रश्न दोघांचा एकच: पेनड्राइव्ह कधी मिळणार? त्यामुळं माधवनगरचा तो गॅरेजवाला पोरगा काखेत गोणपाट मारून आत आला, तेव्हा मॉनिटरवरची नजर न हलवता मी सांगून टाकलं, "रिपेरिंग करत नाही."

"रिपेरिंग न्हवं दादा, रेकॉर्डिंग हाय."

गोणपाटातून निघाला जुना पीएस-थ्री, म्हणजे सोनीचं प्लेस्टेशन-थ्री, टीव्हीला जोडायचं गेमचं मशीन. पहिल्या पिढीतला, फुगीर पाठीचा, जड. वरच्या चकचकीत काळ्या कव्हरवर ग्रीसची बोटं उमटलेली आणि मागच्या जाळीत गॅरेजची धूळ लोकरीसारखी भरलेली. सोबत ऑनलाइन मागवलेला, अंगठ्याएवढा एचडीएमआय कॅप्चर डोंगल, म्हणजे टीव्हीकडं जाणारं चित्र लॅपटॉपवर रेकॉर्ड करायचं यंत्र. "ह्येच्यात काय बी दिसत न्हाई. खराब निघाला. तुम्हीच करून द्या."

भानगड अशी होती. याचा एक मित्र सौदीला नोकरीला. दोघं पूर्वी एकाच मशीनवर कार रेसिंग खेळायचे. जर्मनीतला न्यूर्बर्गरिंगचा ट्रॅक, तो लांबडा, जवळपास २१ किलोमीटरचा. त्यावर सात मिनिटांच्या आत लॅप, म्हणजे एक पूर्ण फेरी, मारायचा, अशी पैज लागलेली. हरणाऱ्यानं सगळ्या ग्रुपला मटणाचं जेवण घालायचं. यानं लॅप मारला, स्क्रीनचा मोबाइलवर फोटो काढून पाठवला. मित्र म्हणाला, एडिट केलाय. मग टीव्हीसमोर मोबाइल धरून व्हिडिओ काढला, तर म्हणे मधे कट आहे. आता मित्राची अट: मशीन चालू होण्यापासून शेवटच्या टायमिंगपर्यंत एकच सलग व्हिडिओ, एचडी, आकडे वाचता आले पाहिजेत.

"मग परत मार की लॅप," मी म्हटलं.

"परत न्हाई जमत ओ! रिप्ले सेव्ह हाय, त्योच दाखवायचा."

अशा गेममधला रिप्ले म्हणजे व्हिडिओ नसतो. गाडी कुठल्या क्षणी कुठं होती, एवढीच नोंद ठेवलेली असते आणि गेम त्यावरून सगळं चित्र पुन्हा रंगवतो. म्हणजे ते मशीन आणि तो गेम असेल तरच रिप्ले दिसणार. आणि मशीनची अवस्था अशी की वीस मिनिटं झाली की पंखा गिरणीसारखा ओरडायचा आणि कधी कधी आपोआप बंदही व्हायचं. मला हसू येत होतं, पण काम खोटं नव्हतं. शिवाय दिवसभर वरातीतला बँजो ऐकून कान विटलेले होते.

आधी डोंगलचा निकाल लावला. माझ्या कॅमेऱ्याची एचडीएमआय वायर त्यात खुपसली, लॅपटॉपवर ओबीएस हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर उघडलं, चित्र स्वच्छ. तीच वायर पीएस-थ्रीला लावली, काळं. पीएस-थ्री सरळ टीव्हीला लावला, चित्र हजर. म्हणजे डोंगल चांगला, वायर चांगली, मशीनही चांगलं. तरी तिघं एकत्र आले की काळोख.

कारण एचडीसीपी. एचडीएमआयमधून जाणाऱ्या चित्राला लावलेलं ते कुलूप. टीव्हीकडं त्याची चावी असते, रेकॉर्ड करणाऱ्या डब्याकडं नसते. पीएस-थ्री २००६ सालचं मशीन, त्यात ब्लू-रे सिनेमेही चालतात, म्हणून हे कुलूप कायमचं लावलेलं. सिनेमा असो की स्वतः खेळलेला गेम, काढायची सोयच नाही. पीएस-फोरला २०१४ च्या एका अपडेटपासून सेटिंगमध्ये टिक काढून गेमपुरतं ते बंद करता येतं, पीएस-फाइव्हलाही येतं. गंमत म्हणजे या एचडीसीपीची मूळ चावी २०१० सालीच इंटरनेटवर फुटली. ज्यांना सिनेमे चोरायचे ते केव्हाच मोकळे झाले, आणि कुलूप राहिलं ते या पोरासारख्यांना, ज्यांना स्वतःच्या लॅपचा पुरावा पाहिजे. मला हे कधीच पटलेलं नाही.

काही स्वस्त स्प्लिटर, म्हणजे एका चित्राचे दोन फाटे करणारे डबे, मधे लावले की हे कुलूप गळून पडतं, हे धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे. पण कुठला पीस चालेल आणि कुठला नाही याचा भरवसा नसतो, आणि कुलपाशी खेळायची गरजही नव्हती. ज्या वाटेला कुलूपच नाही, त्या वाटेनं जायचं ठरवलं. ती वाट म्हणजे कंपोनंट. पाच पिनांची जुनी ॲनालॉग वायर. हिरवी, निळी, लाल चित्राला, आणि दुसरी लाल व पांढरी आवाजाला. त्यातूनही एचडी चित्र येतं, हे आता विसरायलाच झालंय.

रेकॉर्ड करणारा डबा माझ्याकडं होता. हॉपॉगचा एचडी पीव्हीआर, २००८ साली बाजारात आलेलं मॉडेल. एका केबल न्यूजवाल्यानं धंदा आवरला तेव्हा त्याच्याकडून जुन्यात घेतलेला. हा डबा कंपोनंट आत घेतो, तेच चित्र दुसऱ्या बाजूनं टीव्हीला सोडतो आणि मधल्या मधे स्वतःच्या चिपवर दाबून लॅपटॉपला देतो. दाबल्याशिवाय गत्यंतर नाही. ७२० रेषांचं, सेकंदाला ६० फ्रेमचं कच्चं चित्र म्हणजे जवळजवळ १.३ गिगाबिट, आणि यूएसबी २.० ची कागदावरची ताकद ४८० मेगाबिट. डबा ते जास्तीत जास्त साडेतेरा मेगाबिटवर आणतो. सगळं काम डबा करतो म्हणून माझा म्हातारा लॅपटॉपही पुरतो.

अडलं ते वायरपाशी. पीएस-थ्रीच्या मागचं एव्हीचं तोंड चपटं, त्याचं स्वतःचं. साधी कंपोनंट वायर तिथं बसत नाही. पण ते तोंड पीएस-टूसारखंच आहे, आणि पीएस-टूची वायर म्हटल्यावर मला खणभागातला गेम पार्लरवाला आठवला. पार्लर बंद पडून जमाना झाला, आता तो तिथंच मोबाइल कव्हरं विकतो. फोन केला तर म्हणाला, "पोतं हाय एक. महापुरात भिजल्यालं हाय, बघा."

२०१९ च्या महापुरात खणभागाचं काय झालं ते सांगलीकराला सांगायला नको. पोत्यात कंट्रोलर, मेमरी कार्डं, वायरींचा गुंता आणि सगळ्यावर वाळलेल्या गाळाची राखाडी पूड. त्यातून पाच पिनांची वायर निघाली. पिनांवर हिरवा थर चढलेला. पैसे विचारले तर त्यानं हात हलवला, "आधी चालू तर होऊ दे."

दुकानात आणून कानकोरण्याच्या काडीला आयपीए, म्हणजे सफाईचं अल्कोहोल, लावून एकेक पिन घासली. काडी हिरवीगार. चपट्या तोंडातल्या बारीक पट्ट्यांना जुना टूथब्रश. हे सगळं पोरगा माझ्यापेक्षा सफाईनं करत होता. इंजेक्टर साफ करणारा हात, कुठं किती जोर द्यायचा ते त्याला सांगावं लागलं नाही.

वायर लावली तर टीव्ही काळाच. पोराचा चेहरा पडला. पण हे अपेक्षित होतं, कारण पीएस-थ्री एका वेळी एकाच वाटेनं चित्र सोडतो आणि तो अजून एचडीएमआयच्या वाटेवरच होता. पोराला मशीन बंद करून पुढच्या पॉवरच्या खुणेवर बोट टेकवून धरायला लावलं. दाबायचं नाही, नुसतं टेकवायचं, जुन्या मॉडेलला बटण हलतच नाही. एक बीप झाला. "सोडू?" "धर." पाचेक सेकंदांनी दुसरा बीप झाला आणि टीव्हीवर चित्र आलं. हिरवट, आजारी, आणि स्पीकरमधून घर्रर्र.

दोन लाल पिना असतात, तिथं सगळेच फसतात. चित्राची लाल आवाजात गेली होती, आवाजाची चित्रात. अदलाबदल केल्याबरोबर रंग जागेवर आले. त्याला सहज दाखवलं, फक्त हिरवी पिन ठेवली तर टीव्हीवर काळं-पांढरं चित्र येतं. उजेड-अंधार सगळा हिरवीतून जातो, निळी आणि लाल नुसता रंगांचा फरक पोचवतात. त्यानं तीनदा काढून घालून बघितलं.

मग सेटिंग. तो म्हणाला १०८० ठेवा, मोठा आकडा. मी ७२० पी लावलं. कंपोनंटमधून या डब्याला मिळणार १०८० आय, म्हणजे एका वेळी अर्ध्याच रेषा, एकाआड एक. लग्नाच्या जुन्या टेपा ज्यांनी मिक्स केल्यात त्यांना हे पाठ आहे. नवरी उभी असते तोवर छान, डीजेवर पोरं नाचायला लागली की हातापायांना कंगव्याचे दात फुटतात. आणि इथं तर अडीचशेच्या वेगानं पळणारी गाडी. सेकंदाला ६० पूर्ण फ्रेम मिळत असतील तर रेषा थोड्या कमी चालतील. बहुतेक गेम तसेही त्या मशीनवर ७२० लाच रंगवले जात.

रेकॉर्डिंग सुरू केलं. टीव्हीकडं बघून मेनू चालवायचा, लॅपटॉपकडं नाही, कारण लॅपटॉपवर चित्र काही सेकंद मागून येतं. मशीन चालू, डिस्क फिरली, गेम उघडला, रिप्लेची यादी, लॅप सुरू. चार-साडेचार मिनिटं झाली असतील आणि लाईट गेली.

लॅपटॉप बॅटरीवर, दुकानाचा कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर, पण पीएस-थ्री आणि टीव्ही साध्या सॉकेटला. दोन्ही ठप्प. डबा टीएस फाईल लिहितो, ती मधेच तुटली तरी चालते, त्यामुळं तोवरचं सगळं शाबूत होतं. तेच एमपी-फोर असतं तर गोष्ट वेगळी. त्याची अनुक्रमणिका शेवटी लिहिली जाते, मधेच तुटली की अख्खी फाईल मुकी. ओबीएसवाल्यांनाही म्हणूनच सांगतो, रेकॉर्ड एमकेव्हीत करा आणि नंतर तिथल्याच मेनूतून एमपी-फोर करून घ्या. दोन तुकडे जोडून द्यायला मला पाच मिनिटं लागली असती.

"जोड चालणार न्हाई दादा. सलग पायजे, मधे कट नको."

बरोबरच होतं त्याचं. कट शोधणाऱ्या माणसाला जोड पाठवून काय उपयोग?

लाईटची वाट बघण्यात अर्थ नव्हता, संध्याकाळी हळदीचं शूटिंग होतं. इन्व्हर्टरवरचं सगळं काढलं. कॉम्प्युटर बंद, दिवे बंद, दुकानातल्या माझ्या मदतनीस पोऱ्यानं वायफायसुद्धा बंद करून टाकलं. सुरुवातीचा पीएस-थ्री गेम चालू असताना दोनशे वॅटपर्यंत खातो, वर जुना एलसीडी. इन्व्हर्टरला ते झेपलं असतं, पण मशीनला उकाडा झेपेल का हा प्रश्न होता. मागच्या जाळीतली धूळ ब्रशनं ओढून काढली. दोन बाजूंना दोन जाड अल्बम ठेवून मशीन त्यावर उचललं, खालून हवा जावी म्हणून, आणि टेबल फॅन सरळ त्याच्या अंगावर. आम्ही तिघं घामानं निथळत उभे.

दुसऱ्यांदा सुरुवात. पंखा मेनूतच ओरडायला लागला. शेवटच्या लांब सरळ रस्त्यावर गाडी आली तेव्हा आवाज इतका चढला की पोऱ्या दारात जाऊन उभा राहिला. पोरगा मात्र पडद्याकडं बघतच नव्हता, हात मशीनच्या मागं धरून हवा किती तापलीय ते अंदाजत होता. सहा मिनिटं अठ्ठावन्न सेकंद आणि काहीतरी. आकडा पडद्यावर ठरला, मी आणखी थोडं चालू दिलं आणि मग थांबवलं. मशीन बंद पडलं नाही.

फाईल तपासली. सोळाएक मिनिटं, दीड जीबीच्या आसपास. मूळ टीएस पेनड्राइव्हवर, आणि तीच कुठलीही प्रक्रिया न करता एमपी-फोरच्या खोक्यात बदलून त्याच्या मोबाइलवर. पाठवताना व्हिडिओ म्हणून पाठवू नको, डॉक्युमेंट म्हणून पाठव, असं बजावलं. व्हॉट्सॲपवर २ जीबीपर्यंतची फाईल जशीच्या तशी जाते. व्हिडिओ म्हणून टाकली की पिळून पाठवतं आणि आकडे पुन्हा धूसर. हळदीच्या शूटिंगचा अर्धा रेट घेतला. पार्लरवाल्याला वायरीचे पैसे पोरानं परस्पर दिले.

चार दिवसांनी फोन. "दादा, बघितलं त्येनं. कट न्हाई म्हणतोय, टायमिंग बी मान्य हाय."

"मग मटण कधी?"

"तिथंच घोळ हाय. म्हणतोय एबीएस, म्हंजी ब्रेकला गेमची मदत, चालू ठेवून मारलाय, ते धरत न्हाई. आता बंद करून मारायला लागतोय. तुमच्याकडं परत कधी येऊ?"

जूनच्या दहा तारखेनंतर ये म्हणालो, आणि या खेपेला रेट पूर्ण.